जाळ्याचा वाटा

माझ्या आईला आयुष्यात कधी कसलीही घाई नव्हती. निदान ती तसं म्हणायची. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तर "जाऊ दे, मला कुठे घाई आहे." लग्नाच्या पंगतीत आग्रहानं बसवायला लागले तर "आधी पाहुण्यांना बसवा, मला घाई नाही." घाई असणं म्हणजे गरज असणं, आणि गरज दाखवणं म्हणजे चारचौघांत पदर पसरणं, असं तिचं गणित होतं. आमच्यासारख्या घरांत हा आजार सर्रास होता. इमारतीला आग लागली असती तरी आमच्या बायका जिन्यात उभ्या राहून एकमेकींना "आधी तुम्ही" म्हणत बसल्या असत्या.

हे घाई नसणं आईला एकदा फार महाग पडलं.

आम्ही सांताक्रूझला पश्चिमेला राहायचो. दोन मजली इमारत, तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या, आणि डोक्यावरून जाणारी विमानं. विमान आलं की बोलणं थांबवायचं आणि गेलं की राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायचं, ही सवय आम्हा सगळ्यांना होती. बाबा बँकेत कारकून. ठेवींच्या खात्यात बसायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांना व्याज लावायचे आणि संध्याकाळी घरी येऊन चहात साखर कमी का, असं विचारायचे. साखर कमी असायची कारण साखर नसायची.

त्र्याहत्तर सालची ही गोष्ट. ज्यांनी ते आणि पुढचं वर्ष पाहिलं त्यांना भाव म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. किराणावाल्याकडे मागच्या महिन्याचा भाव सांगितला तर तो हसायचा. रॉकेलसाठी डबे रांगेत उभे असायचे, त्यांच्यामागे माणसं. बाबांना महागाई भत्ता मिळायचा आणि तो वाढायचाही, पण बाबा म्हणायचे, भत्ता वाढल्याची बातमी आमच्या कॅशियरच्या आधी तेलवाल्याला कळते. पगाराच्या दिवशी पूर्वी आमच्याकडे पापलेट यायचं. त्या वर्षी मांदेली आली आणि आईनं ती अशी काही कौतुकानं वाढली की जणू आम्हीच हट्ट केला होता.

मी तेव्हा अकरावीला होते, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षाला. मला कॉलेजात जायचं होतं. बाबांनी एका संध्याकाळी मान खाली घालून सांगितलं की धाकट्याची शाळा आणि माझं कॉलेज दोन्ही या पगारात बसणार नाही. अंधेरीला औषधांचे कारखाने निघाले होते. गोळ्या बाटल्यांत भरायच्या खात्यात मॅट्रिक झालेल्या मुली घेत होते, आमच्या वरच्या मजल्यावरची एक जातही होती. मॅट्रिकनंतर मी तिच्याबरोबर जावं, असं ठरत आलं होतं. बाबांनी ते रागानं सांगितलं असतं तर मी भांडले असते. मान खाली घालून सांगितलं, त्यामुळे मला भांडताही येईना.

आईनं मात्र तेव्हाच मनात काही पक्कं केलं. तिला शिवण उत्तम यायचं. हातानं शिवलेले तिचे ब्लाउज बघून बायका शिंप्याचं नाव विचारायच्या. पायाचं मशीन असलं तर घरबसल्या ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे गणवेश शिवता येतील आणि त्यातून माझ्या कॉलेजचं भागेल, हा तिचा बेत. हातमशीन घरच्या शिवणापुरतं ठीक, एक हात चाकात अडकून पडतो. धंद्याला पायाचंच हवं. स्टेशनजवळच्या बाजारात एका दुकानात काचेमागे तसं मशीन होतं. हप्त्यानं मिळत होतं, पण हप्ता म्हणजे कर्ज, आणि कर्ज या शब्दाला आई झुरळाला घाबरावं तशी घाबरायची. तिची मदार भिशीवर होती.

भिशी आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकू चालवायच्या. बारा बायका, दरमहा सारखी वर्गणी. जूनमध्ये चिठ्ठ्या टाकून बारा नंबर ठरायचे आणि त्या क्रमानं दर महिन्याला एकीला सगळी रक्कम मिळायची. आई दरवर्षी मुद्दाम शेवटचा नंबर मागून घ्यायची. तिचं म्हणणं, पहिला नंबर म्हणजे कर्ज, वर्षभर फेडत बसा. शेवटचा नंबर म्हणजे बचत. मेमध्ये मिळणारी रक्कम आणि काचेमागच्या मशीनची किंमत अगदी जुळत होती. मॅट्रिक मार्चमध्ये, भिशी मेमध्ये, कॉलेज जूनमध्ये. इतकं नीटनेटकं ठरवल्यावर माणसानं जरा घाबरायला हवं, पण आम्ही खूश होतो.

भिशीतल्या बाराव्या बाईबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिचीच आहे. ती खारदांड्याची कोळीण. मी पाळण्यात असल्यापासून ती आमच्याकडे मासळी घेऊन यायची. आम्ही मुलं तिला मावशी म्हणायचो. ती दारात टोपली उतरवायची आणि मग आई आणि ती अर्धा तास भांडायच्या. मावशी वाटा लावायची, आई म्हणायची हा काय वाटा झाला, मावशी म्हणायची जा मग बाजारात, आई खरंच आत जायची, मावशी खरंच टोपली उचलायची, आणि मग दोघी परत यायच्या. शेवटी भाव ठरला की आई म्हणायची, "वर घाल." मावशी शिव्या घालत दोन बोंबील वर टाकायची. या भांडणाशिवाय घेतलेली मासळी दोघींनाही गोड लागली नसती.

मावशीला भिशीत घ्यायला काकू तयार नव्हत्या. राहते दांड्याला, उद्या आलीच नाही तर तिला कुठे शोधायचं? आई म्हणाली, मी आहे ना. तेवढ्यावर ती आत आली. वर्गणीची नाणी तिनं कधी एक दिवस उशिरा दिली नाहीत. काकू ती नळाखाली धुऊन घ्यायच्या, ही गोष्ट वेगळी.

त्या जूनमध्ये चिठ्ठ्या पडल्या आणि पहिला नंबर निघाला आईचा. बाबांना फार आनंद झाला. बाबा सहसा आईच्या कारभारात बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. म्हणाले, देवानंच नंबर दिलाय, आत्ता मशीन घे. भाव ज्या चालीनं चाललेत त्या चालीनं वर्षानं याच पैशात नुसतं चाक येईल. आई म्हणाली, वर्षभर दुसऱ्यांच्या पैशांवर मशीन चालवू? मला काय घाई आहे.

तेवढ्यात मावशीनं तिला जिन्यात गाठलं. तिचा नंबर शेवटचा निघाला होता. पावसाळा असल्यानं होड्या किनाऱ्यावर चढलेल्या होत्या, दर्यावर जाणं बंद होतं, आणि जुनं जाळं पार फाटलं होतं. नारळी पौर्णिमेच्या आत नव्या जाळ्यासाठी नायलॉनचं सूत घेतलं नाही तर नवरा आणि मुलगे दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला जाणार होते. तिनं आईला सरळ विचारलं, नंबर बदलून देशील काय.

आई म्हणाली, "घे गं. मला कसली घाई आहे."

भिशीत असा नंबर बदलायची रीतच आहे, त्यात कुणाला काही वाटलं नाही. मावशी रक्कम ओच्यात बांधून गेली. बाबांनी संध्याकाळी ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. ते बँकेत होते. बिनव्याजी एक वर्ष म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. पण आईचा शब्द गेला होता.

मग ते वर्ष सुरू झालं. शाळेतून येताना बाजारावरून यायचं असलं की मी त्या काचेसमोर थांबायचे. मशीनच्या पायडलला किमतीचा एक पुठ्ठा बांधलेला असायचा. दिवाळीच्या आधी तो पुठ्ठा बदलला. संक्रांतीला परत बदलला. नंतर दुकानदारानं पुठ्ठा लावणंच सोडून दिलं. जो विचारेल त्याला तोंडी सांगायचा, म्हणजे रोज लिहायला नको. मी घरी येऊन सांगायचे आणि आई म्हणायची, तू अभ्यास कर. रात्री ती वर्गणी वेगळी काढून डब्यात ठेवताना मात्र जरा जास्त वेळ डबा हातात धरून बसायची.

आमच्या घरी येणाऱ्या मासळीचंही तसंच झालं. मावशीचा वाट्याचा भाव तोच राहिला, पण वाटाच लहान होत गेला. भाव चढवण्यापेक्षा एक बांगडा कमी करणं तिला बरं वाटायचं. आई त्यावरून भांडायची. मावशी म्हणायची, डिझेल काय माज्या बापाचं हाय? भांडणात दम होता तोवर सगळं ठीक होतं, हे मला नंतर कळलं.

मार्चमध्ये मी मॅट्रिक दिलं. मेमध्ये बारावा नंबर आला. काकूंकडे चहा-पोहे झाले, आई रक्कम घेऊन खाली आली, आणि आम्ही दोघी बाजारात गेलो. आईनं त्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. दुकानदारानं किंमत सांगितली. आईनं परत विचारली. त्यानं परत तीच सांगितली. बाबांचं भाकीत थोडंसं चुकलं होतं: त्या पैशात चाकापेक्षा बरंच जास्त आलं असतं, वरचं अख्खं मशीन आलं असतं. फक्त खालचा सांगाडा आणि पायडल आलं नसतं.

 घरी आल्यावर आई म्हणाली, नाहीतरी आता डोळ्यांना बारीक टाका दिसत नाही, कशाला हवं मशीन. तिला वरच्या मजल्यावरून खालच्या अंगणात पडलेली सुई दिसायची. बाबा म्हणाले ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज बघतो, पण तिथे आधीच एक चालू होतं, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची मुलगी निरोप घेऊन आली की कारखान्यात सोमवारी भेटायला बोलावलंय. मी बरं म्हटलं. बाथरूममध्ये नळ मोठा सोडून रडले आणि पाणी वाया घालवल्याबद्दल बोलणी खाल्ली.

त्या आठवड्यात आईनं भाव करणं सोडलं. मावशी आली की ती सगळ्यात लहान वाटा बोटानं दाखवायची, सांगेल तेवढे पैसे द्यायची आणि आत जायची. वर घाल म्हणायची नाही. मला वाटतं, घासाघीस केली तर घरची तंगी दिसेल असं तिला वाटत असावं. झालं उलटंच. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मावशीनं मला बाहेर गाठलं.

"आईला बरं नाय काय गो तुज्या? भाव करत नाय ती."

आईनं मला बजावून ठेवलं होतं की कुणापाशी काही बोलायचं नाही, आणि मावशीपाशी तर मुळीच नाही, तिला उगाच लागेल. मी सगळं सांगितलं. मशीनचं, पुठ्ठ्यांचं, सोमवारचं. जरा रागातच सांगितलं, कारण मला मावशीचाही राग आला होता. तिचं जाळं आलं आणि आमचं मशीन गेलं, असं मला तेव्हा सरळ दिसत होतं. सांगितल्याचा मला पश्चात्ताप नाही. तेव्हाही नव्हता. मावशीनं ऐकून घेतलं, चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर टोपली चढवली आणि निघून गेली. मला वाटलं, झालं, आता ही महिनाभर तोंड दाखवणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. डोक्यावर टोपली नव्हती. हिरवं नवं लुगडं, गळ्यात सोनं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. आल्या आल्या दारात उंबऱ्याशी बसली आणि आईला म्हणाली, चल, बाजारात जायचंय. आई चकित. मावशीनं ओच्यातून फडक्याची गाठ काढली आणि उंबऱ्यावर ठेवली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पुरली. मग ती मावशीला म्हणाली, हे उचल आधी. नंबर मी माझ्या खुशीनं दिला होता, ते काही कर्ज नव्हतं, आणि व्याज घ्यायची आमच्यात रीत नाही. शेवटचं वाक्य ऐकून बाबा आतल्या खोलीत खोकले. रविवार होता, ते घरी होते.

"व्याज कोन देतंय तुला?" मावशी म्हणाली. "व्याज सावकाराचं. ह्यो वाटा हाय."

मग तिनं जे सांगितलं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. जी माणसं दर्यावर गेली त्यांचा एकेक वाटा. पण त्याआधी होडीचा एक वाटा वेगळा, आणि जाळ्याचा एक वेगळा. होडी ज्याची त्याला होडीचा, जाळं ज्याचं त्याला जाळ्याचा, मग तो माणूस घरी झोपून का राहिलेला असेना. गेल्या नारळी पौर्णिमेला त्यांची होडी पाण्यात गेली ती आईच्या नंबरच्या जाळ्यावर. सूत तेव्हा घेतलं म्हणून झालं. आज त्याच पैशांत अर्धं जाळंही आलं नसतं. वर्षभर त्या जाळ्यानं मासळी आणली, आणि त्याचा वाटा कुणी काढलाच नाही. आम्ही विसरलो, ती म्हणाली, तू मागितला नाहीस. जाळ्याचा वाटा राहिला तर जाळ्याला दोष लागतो. असा दोष त्यांच्यात खरोखर मानतात, की तिनं तो आमच्या उंबऱ्यावर बसून जागच्या जागी तयार केला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि आता विचारावंसंही वाटत नाही.

आई तरी बधेना. म्हणाली, तुझ्या घरचे काय म्हणतील. मावशी हसली. त्यांच्यात मासळी पुरुष आणतात, पैसा बायकांच्या हातात असतो. घरी काय म्हणायचं ते ती ठरवत होती. आई म्हणाली, तुला लागतील, पावसाळा तोंडावर आलाय. मावशी म्हणाली, पावसाळा दरसाल येतो. आई म्हणाली, अगं पण मशीन काय आज नाही तर पुढच्या वर्षी घेऊ, मला काही...

पुढचे शब्द कुठले ते आम्हा सगळ्यांना माहीत होते. तेवढ्यात विमान आलं. आई सवयीनं थांबली, मावशी थांबली, बाबा आतल्या दारात येऊन उभे राहिले होते तेही थांबले.  गाठ उंबऱ्यावर तशीच पडली होती. विमान गेलं आणि आईनं तोंड उघडायच्या आत मी बोलले.

"आई, मला घाई आहे."

आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मोठ्यांच्या मध्ये बोलले म्हणून आता मार बसणार असं मला वाटलं, निदान बोलणी तरी. आई माझ्याकडे बघत राहिली.  मग तिनं पदरानं तोंड पुसलं, वाकून गाठ उचलली आणि आत जाऊन पातळ बदललं.

बाजारातला प्रसंग मी आयुष्यभर सांगत आले आहे. दुकानदारानं किंमत सांगितल्यावर आई पैसे काढायला लागली, तर मावशीनं तिचा हात धरला. मग तिनं दुकानाच्या पायरीवर बसकण मारली आणि भाव करायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, बाई, एकच भाव. मावशी म्हणाली, माज्याकडं बी एकच असतो. आई लाजेनं चूर होऊन एका कोपऱ्यात उभी, आणि मावशी तिचेच सगळे डाव टाकत होती: हा काय रंग, हा काय पट्टा, शेजारच्या गल्लीत जाते मी, आणि खरंच उठून चार पावलं गेली. गिऱ्हाइकं जमली. दुकानदाराचा नाइलाज झाला आणि त्यानं थोडे रुपये सोडले. आम्हाला वाटलं संपलं. मावशी आईकडे वळून म्हणाली, "आता तू सांग." आईच्या चेहऱ्यावर मी आठवड्यात पहिल्यांदा हसू पाहिलं. ती पुढे झाली आणि दुकानदाराला म्हणाली, "वर घाल." तेलाची कुपी, चार रिळं, सुयांची दोन पाकिटं आणि एक कात्री वर पडली.

सांगाडा हातगाडीवर चढवला. वरचं मशीन हातगाडीवर हादरेल म्हणून मावशीनं ते फडक्यात गुंडाळून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. गजरा चुरगळला. ती पुढे, मागे हातगाडी, तिच्यामागे आम्ही. इमारतीच्या सगळ्या बायका गॅलरीत आल्या होत्या. काकू खाली उतरून आल्या आणि त्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं. मग तो करंडा तसाच त्यांनी मावशीपुढे धरला आणि तिलाही लावलं. नळाखाली धुतलेल्या नाण्यांची मला आठवण झाली.

त्या मशीनवर पहिला ब्लाउज आईनं मावशीचा शिवला. सोमवारी मी अंधेरीला गेले नाही. जूनमध्ये कॉलेजात नाव घातलं. त्याच पावसाळ्यात सरकारनं ठरवलं की वाढीव भत्त्यातला अर्धा भाग हातात न देता सक्तीनं ठेव म्हणून ठेवायचा. बँकेनं व्याजाचे दर वाढवले, तेव्हा बाबा म्हणाले, आमचे दर कितीही वाढू देत, जाळ्याच्या दराला पोचायचे नाहीत.  आईच्या पायाखाली ते पायडल चार वर्षं दिवसभर खडखडत राहिलं. परीक्षेच्या दिवसांत त्या आवाजात अभ्यास करायची मला इतकी सवय झाली की कॉलेजच्या वाचनालयातली शांतता सोसायची नाही. मावशी आणि आई रोज सकाळी पूर्वीसारख्या भांडत होत्या. त्यात जाळ्याचा किंवा मशीनचा कधी चुकूनही उल्लेख आला नाही.

एकोणऐंशी साली मला बँकेत नोकरी लागली. बाबांची नाही, दुसऱ्या बँकेत. पहिला पगार आणून आईच्या हातात दिला. तिनं तो देवापुढे ठेवला आणि मला म्हणाली, आधी जाळ्याचा वाटा काढ. मला एका क्षणात कळलं.

मावशीला तोवर टोपली उचलवत नव्हती, सून यायची. आम्ही दोघी दांड्याला गेलो. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या सावलीत ती बसली होती. मी पुढे केलेले पैसे तिनं घेतले, नीट मोजले आणि कनवटीला लावले. नको म्हणाली नाही, कशाला म्हणाली नाही, डोळे पुसले नाहीत. वाटा घेतात तसा घेतला. आमच्याकडे कुणी असं सरळ घेतलं असतं तर आम्ही मागून बोललो असतो. मला मात्र त्या घेण्यानं जितकं मोकळं वाटलं तितकं कुणी नाही म्हटल्यानं कधी वाटलेलं नाही. निघताना तिनं वाळलेल्या बोंबलांची एक जुडी माझ्या हातात दिली, आणि आईनं काही म्हणायच्या आत वर आणखी दोन ठेवले. पुढे ती होती तोवर दरवर्षी पगार वाढला की मी दांड्याला जात राहिले. जे काही मी झाले त्यात त्या दोघींचा वाटा आहे. मी त्यांची आभारी आहे, आणि हे मी त्यांना कधी तोंडावर म्हटलं नाही म्हणून इथे म्हणते.

पण दांड्याला पहिल्यांदा गेलो त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते सकाळचं. मी म्हणाले होते की रविवारी जाऊ, सावकाश, जेवूनखाऊन. रविवारी उठले तर आई केव्हाच तयार. ठेवणीतलं पातळ, पायात चपला, दारात उभी. मी म्हटलं, अगं चहा तरी घेऊ दे.

"वाटेत घेऊ," आई म्हणाली. "चल, मला घाई आहे."